६५ हजारांचा फोटो आणि फडातली बाई

पत्राचा सारांश: लातूरच्या एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईंचं हे पत्र आहे. माहेर बीड जिल्ह्यातलं. आजी-आजोबा दर वर्षी ऊसतोडीला जायचे. वडील शिकले, नोकरीला लागले आणि घराचा कोयता सुटला. डॉक्युमेंटरी छायाचित्रकारांचे लिमिटेड एडिशन प्रिंट (म्हणजे ठरावीकच प्रती काढायच्या असं ठरवून छापलेले) जमवण्याची आवड ताईंना काही वर्षांपूर्वी लागली. तीन प्रिंट घरात आहेत. आता मुंबईच्या एका गॅलरीत त्यांनी चौथा पाहिला आहे : उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढणारी बाई, मागे फडात वाकलेला नवरा. कृष्णधवल, १२ प्रतींची आवृत्ती, त्यातली सातवी प्रत, किंमत ६५ हजार. पुढच्या प्रतीपासून भाव वाढेल, तेव्हा महिन्याभरात ठरवा, असं गॅलरीने सांगितलं आहे. यजमानांचं म्हणणं, तेवढ्याचं सोनं घे. सासूबाई म्हणाल्या, "दुसऱ्याचं दुःख भिताडावर टांगायला एवढे पैसे कशाला मोजायलीस गं?" आणि भाऊ म्हणाला, "आपल्या आजीचा एक बी फोटू नाही घरात, अन् ह्या बाईचा तू ६५ हजाराला आणायलीस." ताई विचारतात : गुंतवणूक म्हणून हा प्रिंट घ्यावा का? तो घेणं बरोबर आहे का? आणि घेतलाच तर लातूरच्या हवेत टिकेल का?

ताई,

तुमचा पहिला प्रश्न मनापासून तुमचा आहे असं मला वाटत नाही. फोटो मनात बसला आहे हे पत्रातल्या ओळी-ओळीत दिसतं. ती बाई एका हाताने मोळी सावरते आणि दुसऱ्या हाताने पदर, हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे. पण घरात ६५ हजारांचं कारण सांगायचं, तर "आवडला" एवढं पुरत नाही, म्हणून गुंतवणुकीचा आधार घ्यावासा वाटतो. तो आधार कच्चा आहे. गंजगोलाईतल्या सराफाकडे बांगडी नेली तर त्याच दिवशी पैसे हातात पडतात. फोटोप्रिंट एकदा घेतला की पुन्हा विकायचा बाजार आपल्याकडे फार लहान आहे. लिलाव करणाऱ्या संस्थांचा मोठा धंदा चित्रांवर चालतो. छायाचित्रं तिथे अधूनमधून येतात आणि तीही बहुतेक नावाजलेल्यांची. गॅलरी स्वतः विकलेला प्रिंट परत घेईलच असं नाही, आणि तुमच्या वतीने विकला तर कमिशन कापेल. शिवाय प्राप्तिकराच्या हिशेबात कलाकृती ही भांडवली मालमत्ता धरली जाते, म्हणजे नफा झालाच तर त्यावर करही आहे.

तेव्हा यजमानांना सरळ सांगा की हे पैसे परत येणार नाहीत असं धरून मी चालले आहे. घरखर्च, मुलांची फी, म्हाताऱ्यांचं औषधपाणी बाजूला ठेवून ही रक्कम उरत असेल तर घ्या. एकदम जड जात असेल तर हप्ते मागा. गॅलऱ्यांमध्ये तशी सोय अनेकदा असते, फक्त आपण विचारायला संकोचतो. पण पुढे भाव येईल म्हणून कर्ज काढून किंवा सोनं मोडून घेणार असाल, तर मी नको म्हणेन.

आता त्या १२ प्रतींबद्दल, कारण गॅलरीच्या घाईचं सगळं बळ त्या आकड्यात आहे. प्रतींवर क्रमांक घालायची रीत छापचित्रांतून आली. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र छापताना पत्रा झिजायचा, म्हणून सुरुवातीच्या प्रती उजव्या आणि आवृत्ती मर्यादित ठेवणं भाग. निगेटिव्ह तशी झिजत नाही, डिजिटल फाइल तर मुळीच नाही. त्यामुळे फोटोच्या बाबतीत पहिली, सातवी आणि बारावी प्रत गुणाने सारखीच असते, आणि मर्यादा असते ती फक्त एका माणसाने दिलेल्या शब्दाची. म्हणून तो शब्द नेमका काय आहे, हे लेखी पाहायला हवं.

अमेरिकेत यावरून कोर्टकचेरी झाली आहे. विल्यम एगल्स्टन या छायाचित्रकाराने आपल्या जुन्या गाजलेल्या रंगीत फोटोंचे मोठ्या आकाराचे नवे डिजिटल प्रिंट काढले. मार्च २०१२ मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात असे ३६ प्रिंट सुमारे ५९ लाख डॉलरना गेले. त्यातल्या काही फोटोंच्या जुन्या मर्यादित आवृत्त्या ज्याच्याकडे होत्या, त्या संग्राहकाने दावा लावला की माझ्या प्रतींची किंमत पडली. २०१३ मध्ये न्यायालयाने दावा फेटाळला, कारण आकार वेगळा, छपाईची पद्धत वेगळी, तेव्हा ही आवृत्ती नवी. म्हणजे तुमच्या १२ प्रती कदाचित फक्त २० बाय ३० इंचाच्या असतील. त्याच फोटोच्या लहान आकाराच्या आणखी २५ निघणार असतील, तर ते आज कळायला हवं.

दुसरी बाजूही सांगते. अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली तिथल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एका निगेटिव्हचे त्याने पुढच्या काही दशकांत १३०० च्या आसपास प्रिंट काढले, क्रमांक वगैरे काही नाही. तरी त्यातला एक २००६ मध्ये सहा लाख डॉलरच्या वर गेला. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँनेही आपल्या प्रती मोजून बांधल्या नव्हत्या. प्रतींची संख्या कमी आहे एवढ्यावरून फोटो मोलाचा ठरत नाही. फोटोत दम नसेल तर तीनच प्रती असल्या तरी त्या गॅलरीच्या कपाटातच राहतात.

मग गॅलरीला काय विचारायचं? फोन नको, ईमेल करा, म्हणजे उत्तर लेखी येईल. १२ प्रतींखेरीज छायाचित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती किती (त्यांना एपी म्हणतात, दोन-तीन असणं रीतीचं आहे), इतर आकारांत आवृत्त्या आहेत का, पुढे निघणार आहेत का. फोटो कोणत्या साली काढला आणि हा प्रिंट कोणत्या साली. कोणी छापला, कागद कोणता, शाई पिगमेंटची, म्हणजे रंगकणांची, आहे की प्रिंट डार्करूममधला जिलेटिन सिल्व्हर, म्हणजे चांदीचे क्षार लावलेल्या कागदावरचा, आहे. सही कुठे आहे, मागे की पुढे. प्रमाणपत्रावर हे सगळं लिहून मिळेल ना, आणि जीएसटीसह पक्कं बिल तुमच्या नावाने येईल ना. प्रिंट प्रवासात खराब झाला तर काय, हेही त्यातच विचारा. पहिल्या सहा प्रती खरोखर विकल्या गेल्या आहेत का, असंही नि:संकोच विचारा. प्रती संपत जातात तसा भाव चढवणं ही या व्यवहारातली रूढ पद्धत आहे, त्यात फसवणूक नाही. पण चांगली गॅलरी या प्रश्नांनी दुखावत नाही, आणि उत्तरं येईपर्यंत तुमच्यासाठी प्रत राखूनही ठेवते. जिथे उत्तराऐवजी घाई वाढते, तिथे घेऊ नका.

हे झालं बाजाराचं. सासूबाईंचं बोलणं तुम्ही "जुन्या वळणाचं" म्हणून सोडून दिलं आहे. मला ते पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगचा १९३६ मधला फोटो तुम्ही पाहिलाच असेल : कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथली वाटाणा तोडणाऱ्या मजुरांची वस्ती, तिथली एक बाई, कपाळावर आठ्या, हनुवटीला हात, दोन्ही खांद्यांवर तोंड लपवलेली मुलं. तो फोटो वर्तमानपत्रात आल्यावर सरकारने त्या वस्तीवर वीस हजार पौंड वजनाचं धान्य-सामान पाठवलं, पण तोवर ती बाई कुटुंबाला घेऊन पुढे निघून गेली होती. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे तिचं नाव जगाला कळलं थेट १९७८ मध्ये. फोटो सरकारी कामासाठी काढलेला, त्यावर कोणाचाच हक्क नव्हता, त्यामुळे तो जगभर छापला गेला आणि तिला त्यातून काही मिळालं नाही. १९८३ मध्ये ती आजारी पडली तेव्हा मुलांनी लोकांना हाक दिली आणि ३५ हजार डॉलरच्या वर मदत जमली. त्याच वर्षी ती गेली. पुढे १९९८ मध्ये लँगची सही असलेला एक प्रिंट सदबीजच्या लिलावात २ लाख ४४ हजार ५०० डॉलरना विकला गेला.

आपल्याकडेही हे नवं नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या मदतकामांचे आणि हाडं निघालेल्या माणसांचे फोटो राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने काढले. दीनदयाळ निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार. सरकार किती मदत करतं आहे हे दाखवण्यासाठी ती कामगिरी होती, म्हणून माणसं ओळीने बसवलेली, उभी केलेली. मराठवाड्याची भूक तेव्हापासून फोटोत बसून बाहेर जाते आहे. त्या ओळींतल्या एकाचंही नाव आज आपल्याला सांगता येत नाही. ते फोटो नसते, तर त्या उपासमारीचा चेहराही आपल्यापुढे नसता. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सासूबाईंना उत्तर देताना त्यातली एकही लपवू नये.

म्हणून तुमच्या प्रिंटबद्दल मी आणखी एक चौकशी करेन, आणि ती थेट छायाचित्रकाराशी. गॅलरीला सांगा, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. ही बाई कोण, कोणत्या गावची, कोणत्या कारखान्याच्या फडावर होती? तिने हा फोटो पाहिला का? तिच्याकडे एखादी प्रत आहे का? तो विकला जातो आहे हे तिला ठाऊक आहे का? दहा मिनिटांच्या बोलण्यात माणूस कळतो. छायाचित्रकार सुधारक ओलवे मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये वर्षानुवर्षं जात राहिले, त्यांच्या घरांत, त्यांच्या कामाच्या जागी, आणि ते त्या फोटोंत दिसतं. पत्रकार पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत खेड्यातल्या बायकांच्या कामाचे फोटो काढले, आणि ते प्रदर्शन बसस्टँड, रेल्वे स्टेशन, कारखान्यांची फाटकं, मजुरांचे मेळावे अशा ठिकाणी नेलं, म्हणजे ज्यांचे फोटो होते त्यांच्यासारख्यांनीच ते पाहावेत. असं नातं प्रत्येक चांगल्या फोटोमागे असतंच असं नाही. वाटेवर थांबून एका क्षणात टिपलेला फोटोही थोर असू शकतो, आणि तो काढणं गुन्हा नाही. पण सहा प्रती विकून झाल्यावरही छायाचित्रकाराला त्या बाईचं नाव ठाऊक नसेल आणि शोधावंसंही वाटलं नसेल, तर मी तो प्रिंट घेणार नाही. हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. मात्र चौकशी करून मगच ते बनवा.

आणि त्यांना ती ठाऊक असेल, तर व्यवहारातच एक अट घाला : आवृत्तीबाहेरची, सहीशिवायची एक साधी लहान प्रत तिच्या घरी पोहोचावी. तसं प्रमाणपत्रात नमूद केलं की तुमच्या आवृत्तीला बाधा येत नाही. ऊसतोड कामगारांसाठी पैसे द्यावेसे वाटले तर ते जरूर द्या, पण वेगळे द्या. प्रिंट घेतल्याची भरपाई म्हणून दिलेले पैसे मनाला तेवढ्यापुरतं हलकं करतात आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

एक विचारू का? सासूबाईंनी तो फोटो पाहिला आहे, की नुसती किंमत आणि विषय ऐकला आहे? तुम्ही वर्णन केलेल्या फोटोत मला तरी नुसतं दुःख दिसत नाही. ओल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून चढणं हे कसब आहे, रात्री-अपरात्री गाडी भरून देणाऱ्या बायकांच्या अंगात मुरलेलं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. तिथे तिचं नाव वेगळं लिहिलं जात नाही. या फोटोत ती वेगळी दिसते, आणि काम करताना दिसते. सासूबाईंना मोबाइलवर नको, गॅलरीकडून नमुना प्रिंट मागवून तो दाखवा. मग त्या काय म्हणतात ते ऐका. ज्या घरात त्या सकाळ-संध्याकाळ वावरणार, त्या घराच्या भिंतीवर काय लागावं यात त्यांचाही हक्क आहे. त्यांना रोज तो नजरेसमोर नको असेल, तर तुमच्या अभ्यासाच्या खोलीत लावा.

भावाच्या बोलण्यावर तुम्ही लिहिलं आहे की त्या रात्री झोप लागली नाही. त्याला दोष देऊ नका. त्याने तुमच्या संग्रहाची दिशाच सांगितली आहे. आजीचा फोटो खरोखरच नाही का, हे आधी शोधा. मतदार ओळखपत्रं १९९३ पासून आली; आजी तेव्हा हयात असतील तर त्यावर असेल. नातेवाइकांच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या रांगेत असतील. निराधार योजनेच्या, बँकेच्या कागदावर चिकटवलेला पासपोर्ट फोटो असेल. सापडला तर मूळ कागदाला हात न लावता चांगल्या जागी स्कॅन करा, ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपक्यांच्या) खाली नको, आणि त्याचा प्रिंट त्याच दर्जाच्या कागदावर काढा ज्यावर तुमचा ६५ हजारांचा प्रिंट आहे.

इथेच मला तुमच्यासारख्या सगळ्यांना काही सांगायचं आहे, कारण संग्रह म्हणजे मुंबई-दिल्लीची गॅलरी असं आपण धरून चालतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. त्या सकाळी तिथे पोहोचलेले पहिले कॅमेरे लातूर, उस्मानाबाद, सोलापूर भागातल्या स्थानिक छायाचित्रकारांचे होते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तेव्हाही हेच लोक रुळांवर उभे होते. नामांतराचे मोर्चे, १४ जानेवारी १९९४ चा नामविस्तार, हे सगळं कोणाच्या ना कोणाच्या निगेटिव्हवर आहे. त्या निगेटिव्ह आज बुटांच्या खोक्यांत, माळ्यावर, बंद पडलेल्या स्टुडिओच्या मागच्या खोलीत आहेत. दमट हवेत त्या एकमेकींना चिकटतात, बुरशी धरते, आणि एक दिवस रद्दीत जातात. त्यांच्या कामावर लिमिटेड एडिशनचा शिक्का नाही, म्हणून संग्राहक तिकडे फिरकत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं.

तुमच्या ६५ हजारांत अशा एखाद्या ज्येष्ठ वृत्तछायाचित्रकाराच्या निवडक निगेटिव्ह नीट स्कॅन होतील, त्यांच्या आवडीच्या फोटोंचे उत्तम प्रिंट निघतील आणि त्यांच्या हातात मानाने काही पैसेही पडतील. मुंबईचा प्रिंट सोडाच असं मी म्हणत नाही. पण यापुढची दोन वर्षं या बाजूला द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

हक्काचा प्रश्न येईल, तो आधीच समजून घ्या. छायाचित्रकार कोणाच्या नोकरीत नसेल आणि कोणी पैसे देऊन ते काम करून घेतलं नसेल, तर फोटोचा कॉपीराइट त्याचाच. वर्तमानपत्राच्या नोकरीत असताना काढलेल्या फोटोंबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात म्हटलं आहे की वेगळा करार नसेल, तर नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा आणि बाकी बाबतींत निर्मात्याचा. म्हणून नेमणुकीचा कागद काय म्हणतो ते त्यांना पाहायला सांगा. आणि प्रिंट कोणाकडूनही घ्या, तुमच्याकडे येतो तो कागद. फोटो क्लासच्या जाहिरातीत, कॅलेंडरवर किंवा पुस्तकाच्या कव्हरवर वापरायचा हक्क त्याबरोबर येत नाही.

मुंबई लांब पडते हेही तुम्ही लिहिलं आहे. लातूरहून हैदराबाद जवळ आहे, आणि तिथे २०१५ पासून इंडियन फोटो फेस्टिव्हल भरतो, माधापूरच्या स्टेट आर्ट गॅलरीत. मूळ प्रिंट ओळीने भिंतीवर पाहिल्याशिवाय कागद, काळ्या रंगाची खोली, आकार यांची नजर तयार होत नाही. विकत काही घेऊ नका, नुसतं पाहून या. कमी पैशांत सुरुवात करणाऱ्यांसाठी मॅग्नम ही १९४७ मध्ये स्थापन झालेली छायाचित्रकारांची संस्था ठरावीक दिवसांपुरते सहा इंची चौकोनी प्रिंट विक्रीला काढते. तिथे मर्यादा प्रतींच्या संख्येची नसून दिवसांची असते.

आता टिकण्याचं. लातूरच्या उन्हाळ्याची तुम्हाला भीती वाटते, पण कोरड्या उन्हापेक्षा कागदाला जास्त त्रास होतो तो हवेच्या चढउताराचा, आणि आपल्या घरांत तो चढउतार आणतो कूलर. दुपारी खोली कोरडी, मग कूलर लावला की तासाभरात दमट, रात्री पुन्हा कोरडी. कागद फुगतो, आखडतो आणि लाटा धरतो. कूलरच्या झोताच्या खोलीत प्रिंट लावूच नका. पश्चिमेची तापणारी बाहेरची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत, वर पाण्याची टाकी असलेली भिंत, या तिन्ही टाळा. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत रबराची किंवा बुचाची लहान बटणं लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत हवा खेळेल आणि पावसाळ्यात ओल थेट कागदापर्यंत जाणार नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र फ्रेम करणाऱ्याकडून असतो, आणि तो बिचारा चांगल्या हेतूनेच करतो. आपल्याकडे फोटो दिला की तो लॅमिनेट होतो किंवा एमडीएफच्या पाटीवर सरसकट चिकटवला जातो, "शंभर वर्षं काही होत नाही ताई" म्हणून. एकदा चिकटला की प्रिंट संपला. तो परत निघत नाही. दुकानदाराला बसवून समजावा : लॅमिनेशन नाही, डिंक नाही, सेलोटेप नाही. मागचा बोर्ड आणि पुढचा माऊंट (प्रिंटभोवतीची मध्ये कापलेली पुठ्ठ्याची चौकट) दोन्ही आम्लरहित हवेत, प्रिंट कागदी कोपऱ्यांत अडकवायचा किंवा जपानी कागदाच्या पट्टीने वरच्या बाजूला धरायचा. काच प्रिंटला टेकता कामा नये, मध्ये माऊंटची जाडी राहू द्या, नाहीतर दमट दिवसांत फोटोचा थर काचेला चिकटतो. अतिनील किरण अडवणारं अॅक्रिलिक मिळालं तर उत्तम. हे सामान लातूरला मिळालं नाही तर पुण्याहून किंवा हैदराबादहून मागवा आणि काम इथल्या कारागिराकडून समोर बसून करून घ्या. फ्रेममध्ये जाण्याआधी सही, क्रमांक आणि मागची बाजू यांचे फोटो काढून ठेवा.

चारही प्रिंट एकदम लावू नका. दोन भिंतीवर, दोन आत, आणि चार-सहा महिन्यांनी बदला. आत ठेवायला घरातलं लोखंडी कपाट लाकडी कपाटापेक्षा चांगलं, कारण लाकूड आणि प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघत राहते. प्रिंट सपाट, आम्लरहित पेटीत, खालच्या कप्प्यात नको. कसर आणि झुरळांसाठी डांबरगोळ्या पेटीत टाकू नका. वर्षातून दोनदा पेटी उघडून बघणं आणि कपाट कोरडं ठेवणं हाच उपाय. हाताळताना हात धुऊन पूर्ण कोरडे करा, प्रिंट दोन्ही हातांनी कडांना धरा, एका कोपऱ्याने उचलला की चंद्रकोरीसारखी मोड पडते आणि ती जात नाही.

प्रत्येक प्रिंटची एक फाइल करा. बिल, प्रमाणपत्र, गॅलरीचे ईमेल, छायाचित्रकाराशी झालेलं बोलणं, फोटोतल्या माणसाचं नाव-गाव, कोणत्या हंगामातला फोटो. हे मराठीत, तुमच्या अक्षरात लिहा. तुमच्या जागी उद्या मुलांना या संग्रहाचं काय करायचं ते ठरवावं लागेल, तेव्हा त्यांना नुसता आकडा आणि सही पुरणार नाही. आधीच्या तीन प्रिंटची अशी फाइल नसेल तर तीही आत्ता करा.

एवढं सगळं झाल्यावर माझा कौल विचाराल तर तो असा. गॅलरीला ईमेल आजच पाठवा. छायाचित्रकाराशी बोलणं होईपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका. त्यांना ती बाई माहीत असेल, आवृत्तीबद्दलची उत्तरं लेखी आली असतील आणि घरात दोन-तीन हप्त्यांत पैसे निघत असतील, तर घ्या, यजमानांना गुंतवणुकीचं कारण न सांगता घ्या. यातलं एक जरी अडलं, तर सातवी प्रत जाऊ द्या आणि रविवारी भावाला सोबत घेऊन गावाकडे जा. आजीच्या फोटोसाठी ज्या घरांचे अल्बम पाहायचे त्यांची यादी त्याच्याकडे असेल. आणि शहरात परतल्यावर एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याला किंवा निवृत्त वृत्तछायाचित्रकाराला भेटून १९९३ च्या निगेटिव्ह कुठे आहेत ते विचारा. पुढचा पावसाळा लागायच्या आत विचारा.